धोंडिबाचं पाणी

मटण का सोडलं याची कारणं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. शाळेतल्या बायकांना सांगितलं — जीव बघवत नाही. डॉक्टरांना सांगितलं — पचत नाही. सासूबाईंना सांगितलं — नवस आहे, आणि कसला ते विचारू नका. ही सगळी कारणं मी इतक्या चांगल्या तोंडाने सांगितली की कुणी पुन्हा विचारलं नाही. खरं कारण मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या माझ्या वडिलांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. तुमच्यावर फार विश्वास बसलाय असं काही समजू नका.

माझ्या वडिलांचं नाव धोंडिबा. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. शिरूरच्या अलीकडे, घोड नदीच्या कडेने आत गेलं की आमची वस्ती. आजोबा मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ रानोमाळ फिरत. आप्पांनी ते फिरणं थांबवलं, विहीर पाडली, कांदा आणि ऊस करायला लागले. तरी दारात थोडी मेंढरं असायचीच. ती काय फायद्यासाठी नव्हती. मेंढरं नसतील तर आपण धनगर कसले, असं त्यांना वाटत असावं.

आप्पांना मटण आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना साधुसंत कराल. रस्सा भाकरीत कुस्करून, घाम पुसत पुसत, समाधानाने खाणारा माणूस होता तो. पण विकतचं मटण त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. शिरूरच्या बाजाराला गेले आणि पाहुण्यांनी आग्रहाने खानावळीत नेलं, तर तिथं डाळ मागवायचे. पाहुणे चेष्टा करायचे. आप्पांचं उत्तर ठरलेलं — “त्याला कुनी इचारलं व्हतं का?”

विचारणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत असेल, नसेलही. आमच्याकडे देवापुढे बकरं कापायचं तर आधी त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावतात, अंगावर पाणी शिंपडतात आणि थांबतात. बकऱ्याने अंग झाडलं, सगळं शरीर थरथरवून पाणी उडवलं, की कौल मिळाला. देवालाही मान्य, बकऱ्यालाही. नाही झाडलं तर पुन्हा पाणी, पुन्हा थांबायचं. आता खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी कुणी फार वेळ थांबत नाही. चुली पेटलेल्या असतात, पाहुणे जमलेले असतात, कुणीतरी पाठीवर जोरात थाप मारतं किंवा कानात पाण्याची धार सोडतं. कानात पाणी गेलं की कुठलंही जनावर अंग झाडणारच. चांगभलं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

आप्पा थांबायचे. ऊन डोक्यावर येवो, बायका कुरकुरोत, आप्पा उकिडवे बसून बकऱ्याकडे बघत राहायचे. संध्याकाळपर्यंत झाडलं नाही तर सोडून द्यायचे. एका वर्षी जमलेल्या सगळ्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी खाऊन जावं लागलं होतं, आणि ते बकरं पुढं म्हातारं होऊन आमच्याच दारात मेलं. लोक हसायचे, पण आसपासच्या वस्त्यांवर देवाचं काही असलं की बकरं धरायला आप्पांनाच बोलावायचे. धोंडिबा उभा असला की काही वाकडं होणार नाही असं लोकांना वाटायचं. त्या माणसाची कमाई म्हणाल तर ती एवढीच होती. बाकी विहिरीला पाणी कमीच लागलं.

आमच्या घरातली आणखी एक पद्धत. पाणी घालायचं ते घरच्या मुलीने. तांब्या माझ्या हातात असायचा.

आता शिक्षणाचं सांगते. त्याशिवाय हे पुरं होणार नाही. वस्तीवरून शिरूरला कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. चुलते म्हणायचे, एवढी शिकवलीत तर हिच्या जोडीचा नवरा कुठून आणणार? आप्पा ऐकून घ्यायचे. त्यांना अक्षर लावता यायचं नाही. शिकलेल्या माणसाबद्दल त्यांची एक अजब समजूत होती. ती त्यांनी मला अनेकदा सांगितली, एस.टी.च्या थांब्यावर माझ्यासोबत उभं असताना, माझं दप्तर उगाच स्वतःच्या खांद्यावर घेऊन — “शिकल्यालं मानूस खोटं बोलत न्हाई, मंदे. त्याला गरजच पडत न्हाई. आमा अडान्याला पडती.”

मी हसायचे नाही तेव्हा. मला ते खरंच वाटायचं.

बारावीच्या वर्षातला तो रविवार. आमच्या शेताच्या बांधावर बिरोबाचं ठाणं आहे, तिथं वर्षाचं देवाचं काम होतं. बकरं काळं होतं, डोळ्यांभोवती जरा पांढरं. आणि त्याच दिवशी दुपारी टीव्हीवर माझ्या मालिकेचा शेवटचा भाग होता. हिंदी मालिका, एका शिक्षिकेची. तिच्यावर चोरीचा आळ आलेला असतो आणि तो खरा की खोटा ते त्या दिवशी कळणार होतं. वस्तीत टीव्ही एकच, सोसायटीच्या सचिवांच्या घरी. माझं सगळं लक्ष तिकडं. आणि हे बकरं काही अंग झाडेना. आप्पा आपले बसलेले. शेवटी एकदाचं झाडलं, आणि मी तांब्या तिथंच टाकून बांधाबांधाने पळत सुटले.

सचिवांच्या ओटीवर पोहोचले तर टीव्हीवर एक पाटी. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’. आम्ही दहा-बारा जणं त्या पाटीकडे बघत बसलो. मध्येच संगीत वाजायचं, आम्ही सावरून बसायचो, पुन्हा पाटी. मालिकेची वेळ तशीच संपली आणि चित्र आलं ते थेट कोंबडीपालनाच्या कार्यक्रमाचं. त्या शिक्षिकेने चोरी केली होती की नव्हती ते मला आजतागायत कळलेलं नाही. किती चिडले होते मी! परत आले तर जेवणं सुरू झाली होती. आप्पांनी माझ्यासाठी काळजाचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता, पाणी घालणारीचा मान म्हणून. मी खाल्ला. छान लागला.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. मला वाटलं होतं चुलते बारावीनंतर अडवतील. पण आप्पांनी सगळ्यांना एका शब्दात गप्प केलं आणि मला डी.एड.साठी दौंडला पाठवलं. पुढं दौंडलाच शाळेत लागले, तिथंच लग्न झालं. मी चांगली शिकवते असं म्हणतात. मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे असायचा. प्रामाणिकपणा, प्राणिमात्रांवर दया — मुलं अगदी कान टवकारून ऐकायची. बोलता मला फार छान येतं, तेवढं शिक्षणाने खरंच दिलं.

आणि म्हणूनच टीव्हीवाले आले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला पुढे केलं.

तेव्हा नवनव्या वाहिन्या निघाल्या होत्या. त्यातल्या एकीला मांसाहार, देवाधर्माचे बळी आणि शिकलेली पिढी अशा काहीतरी विषयावर चर्चेचा कार्यक्रम करायचा होता. चर्चा पुण्या-मुंबईची मोठी माणसं करणार, मध्ये मध्ये आमच्यासारख्यांचे अनुभव. शाळेच्या पटांगणात खुर्ची मांडली, माझ्या तोंडाला पावडर लावली. माइक धरणारी मुलगी माझ्याहून लहान होती. म्हणाली, “मॅडम, भाषण नको. काहीतरी घरातलं सांगा, पर्सनल.”

मी आप्पांचं सांगायला लागले. अगदी खरंखुरं. ते कसे थांबतात, बकऱ्याला कसे विचारतात, खानावळीत डाळ कशी मागवतात. सांगताना मला स्वतःलाच भरून येत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की ती मुलगी ऐकत नाहीये. तिने घड्याळ बघितलं. कॅमेरावाल्याने जांभई दिली. चांगलं माणूस कुणाला बघायचं असतं? मला वाटलं, आता ही ‘थँक यू मॅडम’ म्हणणार आणि उठणार, आणि मुख्याध्यापक म्हणणार, काय बाई, एरवी एवढं बोलता! या एवढ्याशा भीतीने — तुम्ही हसाल, पण दुसरं काही कारण नव्हतं — मी म्हणाले, “पण बकरं हललं नाही की माझे वडील त्याच्या कानात पाणी ओतायचे.”

तिची मान वर झाली. कॅमेरावाला सरळ उभा राहिला.

मग काय, मला धार लागली. मी सांगितलं की लहानपणी मी हे डोळ्यांनी पाहिलं. नकार देणाऱ्या मुक्या जिवाला फसवून हो म्हणायला लावताना पाहिलं. त्या दिवसापासून मी मांसाला शिवले नाही. शिक्षणाने मला प्रश्न विचारायला शिकवलं, असंही काहीसं म्हणाले. शेवटी डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, कुणासाठी होतं देव जाणे. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी सुकटीची चटणी केली होती आणि ती खाल्लीही होती. पण दुसऱ्या दिवसापासून सोडलं. टीव्हीवर सांगून बसले होते ना — आता दौंडात कुणी मला मटणाच्या दुकानात पाहिलं तर? मी शाकाहारी आहे ती ही अशी. पुढं मला त्याबद्दल मानपत्रसुद्धा मिळालं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये.

कार्यक्रम लागला त्या दिवशी भावाने गावाकडे आधीच बोभाटा केलेला. त्याने नुकताच रंगीत टीव्ही घेतला होता. सगळी वस्ती आमच्या ओसरीवर जमली. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि सगळ्यांच्या पुढे बसले. मी नव्हते तिथं, भावाने सांगितलं. मी दौंडला आमच्या घरात नवऱ्याशेजारी बसून बघत होते. तासाभराचा कार्यक्रम, त्यात मोठी माणसं एकमेकांवर खेकसत होती, कुणाचंच काही कळत नव्हतं. मी आले ती अगदी शेवटी. तोंड पिठाच्या डब्यात घातल्यासारखं पांढरं. आणि आप्पांच्या थांबण्याचं काही नाही, डाळीचं काही नाही — फक्त कानातलं पाणी आणि रडणं. माझ्या नावाखाली लिहिलं होतं ‘प्रत्यक्षदर्शी’. माझं बोलणं संपलं आणि त्यावर कुणी एक अक्षर न बोलता मसाल्याची जाहिरात लागली. कार्यक्रम तिथंच संपला. मला वाईट वाटलं. कशाचं, सांगू? एवढं रडले आणि एवढंसंच दाखवलं, याचं.

तिसऱ्या दिवशी आप्पा दारात उभे. शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला, अशा गाड्या बदलत आले होते. मी पाण्याचा पेला पुढे केला. वाटलं, आता शिव्या देतील. बरं झालं असतं. पण ते कसनुसं हसत म्हणाले, “मंदे, म्या कवा वतलं गं कानात पानी? लई याद केली, मला काय आठवंना. तू म्हनतीस म्हंजी झालंबी आसंल कवातरी. तू सांग, कवा ते.”

तुम्हाला कळतंय का काय होतं ते? माझ्यावर संशय घेण्याआधी त्या माणसाने स्वतःच्या आठवणीवर संशय घेतला होता. तीन दिवस आपलं सगळं आयुष्य चाळून आला होता तो. का, तर शिकलेली मुलगी खोटं कशाला बोलेल.

तेव्हा सांगता आलं असतं. चहा उकळत होता, घरात दुसरं कुणी नव्हतं, नवरा बाहेर गेला होता. मी म्हणाले, “आप्पा, मी तुमच्याबद्दल नव्हतेच बोलले. दुसरी माणसं कशी फसवतात ते सांगत होते. टीव्हीवाल्यांनी कापून भलतीकडे जोडलं.”

आप्पांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! मांडीवर थाप मारून म्हणाले, “तरी म्हनलं! तरी म्हनलं म्या समद्यास्नी, माजी पोर न्हाई आसं बोलायची.” मग त्यांनी दोन कप चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि एकदम मोकळे होऊन बोलायला लागले. आणि जे बोलले ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, तुला शिकवायचं का बंद करायचं, यावर भावकीत लई वाद व्हता. तवा त्या काळ्या बकऱ्यावर म्या कौल लावला व्हता. झाडलं तर पोरीला दौंडला धाडायची, न्हाईतर तिच्या लग्नाचं बघायचं. “लई येळ झाडंना बघ. म्या तर आशाच सोडली व्हती. तोंड फिरवून देवाला हात जोडलं, आन् तेवढ्यात झाडलं की त्यानं! आसलं झाडलं, माज्या पाठीवर पानी आलं. लई बरं वाटलं मला त्या दिशी, मंदे. जन्मात येवढं बरं वाटलं न्हाई.”

मी बिस्किटांची बशी आत घेऊन गेले आणि बराच वेळ आतच थांबले.

कारण वर मी तुम्हालाही एक वाक्य गाळून सांगितलं. त्या रविवारी बकऱ्याने शेवटी एकदाचं अंग झाडलं, असं म्हणाले. ते त्याने आपणहून झाडलं नव्हतं. आप्पांनी देवाकडे तोंड फिरवून डोळे मिटले, बाकीचे चुलीकडे गुंतलेले, आणि मी खाली वाकून तांब्यातलं पाणी त्याच्या कानात ओतलं. ते माझ्याकडेच बघत होतं. सकाळपासून पाणी अंगावर घेऊन मुकाट उभं होतं, एकदाही हललं नव्हतं. ते नाहीच म्हणत होतं. मला घाई होती. मला ती मालिका बघायची होती.

कौलाचं मला काही माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर मी थांबले असते का? नसते. तेव्हा त्याचा आधार घेण्यात अर्थ नाही. जे मी केलं ते मी माझ्या बापाच्या नावावर टीव्हीवर सांगितलं, आणि मग ते टीव्हीवाल्यांच्या नावावर टाकलं.

आप्पा गावाला परतले ते ही बातमी घेऊनच. पारावर, डेअरीत, बाजारात भेटेल त्याला सांगायचे — तोडून जोडलंय, माजी पोर तसं बोललीच न्हाई. काही जणांनी मान डोलावली. पण एकाने विचारलं, मग अख्खी टेप आणून दाखव की. तेव्हापासून आप्पांनी ध्यास घेतला. मी दिवाळीला गावी गेले की, “मंदे, ती आख्खी टेप मिळंल का गं?” मी म्हणायचे, पत्र पाठवलंय. फोनवर विचारायचे, मी म्हणायचे, परीक्षा चालू आहेत, सुट्टीत पुण्याला जाऊन येते. एकदा म्हणाले, मी येतो तुझ्यासंगं, त्यांच्या पाया पडतो. मग मी सांगितलं की टेप पुसली, त्यावर दुसरा कार्यक्रम घेतला. आप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “पुसली व्हय? आसंल. त्यास्नी तरी काय म्हाईत.”

त्यानंतर विचारलं नाही.

देवाच्या कामाला त्यांना कुणी बोलवेना. मुद्दाम कुणी केलं नसेल, पण आता धोंडिबा बकऱ्याशेजारी उभा राहिला की लोकांचे डोळे त्याच्या हाताकडे जायचे, आणि पोरं फिदीफिदी हसायची. आमच्याच बांधावरच्या कामाला आप्पांनी पुढच्या वर्षी भावाला पुढे केलं. स्वतः लांब बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सगळ्यांना दिसतील असे. त्या दिवशी त्यांनी मटण खाल्लं नाही. त्यानंतर कधीच खाल्लं नाही. आई म्हणाली, वय झालं, नको वाटतं. मला ठाऊक होतं. स्वतः विचारल्याशिवाय ते खात नव्हते, आणि विचारायला उभं राहण्याची सोय मी ठेवली नव्हती.

शेवटच्या आजारात मी रजा टाकून गेले. उशाशी बसायचे, पाय चेपायचे. सगळे म्हणत, मुलगी असावी तर अशी. सांगायचं म्हणून तोंड उघडलं की आप्पा आपल्याच तंद्रीत म्हणायचे, “तू शिकलीस त्येवढं ब्येस झालं.” हे ऐकल्यावर कसं सांगणार होते? — बघा, पुन्हा कारण द्यायला लागले. सांगता आलं असतं. माणूस शुद्धीवर होता, मला वेळ होता. नाही सांगितलं. ते गेले.

आता शेवटचं. ते गेल्यानंतर काही वर्षांनी मी दौंडजवळच्या भांडगावला गेले होते. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी देवाचं होतं, आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मला अर्थात वेगळी भाजी. माझ्याशेजारी बाजेवर आमच्या शाळेत नव्याने लागलेली, पुण्याची एक मुलगी बसली होती. समोर बकरं उभं होतं, पाणी घालून झालं होतं, आणि ते हलत नव्हतं. कुणाला फारशी फिकीर नव्हती. एक म्हातारा सुपारी कातरत ओरडला, “आरं, किती येळ? धोंडिबाचं पानी घाला की त्याला!” एकजण हसत वाकला आणि त्याने कानात तांब्या तिरका केला. बकऱ्याने अंग झाडलं. चांगभलं झालं.

शिरूरकडच्या सोयऱ्याधायऱ्यांतून तो शब्द इथवर आला असणार. कुणी चिडवायला म्हणून वापरला नव्हता. रीतच पडली होती त्याची, नावासकट. त्या म्हाताऱ्यालाही धोंडिबा कोण ते ठाऊक असेल असं वाटलं नाही.

त्या पुण्याच्या मुलीला गंमत वाटली. माझ्याकडे वळून तिने विचारलं, “बाई, हा धोंडिबा कोण हो?”

तिथं मला अडवणारं कुणी नव्हतं. आप्पा नव्हते, आई नव्हती, कॅमेरा नव्हता. दोन शब्दांचं उत्तर होतं.

मी म्हणाले, “असेल कुणीतरी जुना लबाड माणूस.”

ती हसली. मीही हसले.